चार बसतात, तीन चढतात

आमच्या गाडीत चार माणसं बसतात आणि तीन चढतात. हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस नम्रपणे हसतो आणि पुढच्या वाक्याची वाट बघतो. पुढचं वाक्य नाही. वस्तुस्थितीच तेवढी आहे. आमचं घर टेकडीच्या माथ्यावर आहे, रस्ता शेवटी शेवटी भिंतीसारखा उभा होतो, आणि तो उभा होण्याआधी एक वळण आहे. त्या वळणापर्यंत गाडी चौघांना घेऊन येते. तिथे ती एखाद्या सुसंस्कृत माणसासारखी, आवाज न चढवता, नकार देते. मग एकाने उतरायचं.

सगळे प्रयोग करून झाले होते. मी उतरले, गाडी हलली नाही. आई उतरली, गाडी थोडं पुढे जाऊन विचारात पडली. आम्ही दोघी उतरलो, तरी ती चढाच्या मध्यावर थबकली. आत्या उतरली आणि गाडी सुळकन वर गेली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती आमच्याकडेच राहते आणि शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आहे, त्यामुळे निष्कर्ष तिचा तिनेच काढला. तेव्हापासून वळण आलं की ती न सांगता दाराच्या कडीला हात घालायची, उतरायची, छत्री उघडायची आणि मुद्दाम फिरायला निघाल्यासारखी चालत वर यायची. ऊन असो नसो, छत्री उघडायचीच. छत्रीमुळे बाल्कन्यांमधली तोंडं दिसत नाहीत, असं तिने मला एकदा सांगितलं होतं.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याने राजीनामा दिला. डॉक्टरांनी चढ बंद केला. भाड्याच्या गाड्या आमचा पत्ता ऐकूनच फोन ठेवतात, तेव्हा तोही मार्ग खुंटला. ज्या माणसाला वर येता येत नाही त्याने खाली जाण्यात अर्थ नसतो, एवढं गणित आत्याला येतंच. तिने खाली जाणं सोडलं. म्हणजे शनिवारचे पत्ते सोडले. खाली गावात तिच्या तीन मैत्रिणी आहेत. या चौघींचा जोडीचा डाव माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. तिघींनी बराच काळ कळ काढली, पण तिघींत जोड्या लागत नाहीत. शेवटी त्यांनी एका निवृत्त दंतवैद्याशी बोलणी सुरू केली. तो हुकूम लपवताना ओठ चावतो, असं आत्या म्हणाली, आणि आपला पत्त्यांचा कॅट तिने कपाटात ठेवून दिला.

इथे बाबांनी गाडीत मोठं इंजिन बसवून घ्यायचं ठरवलं.

बाबा विमा कार्यालयात काम करतात. आयुष्यात त्यांनी चपलेचा अंगठासुद्धा अर्ध्या दिवसाची रजा टाकून विचारपूर्वक शिवून घेतला आहे. असा माणूस सकाळी उठून गॅरेजमध्ये जातो आणि अपघातात चेपलेल्या एका दणकट गाडीचं टर्बोवालं इंजिन आपल्या गाडीत बसवायला सांगतो, हे बघून आम्ही त्यांना ताप आहे का ते बघितलं. ताप नव्हता.

गॅरेजवाल्याला सगळे सर्जन म्हणतात, कारण तो बॉनेट उघडण्याला ऑपरेशन म्हणतो. इंजिन बसवून त्याने हात पुसले आणि आम्हाला समोर बसवून नातेवाइकांना सांगतात तशा सुरात सांगितलं की ऑपरेशन यशस्वी झालं आहे, पण आता खरा प्रश्न आहाराचा. घोडा आणला आहे. त्याला शेळीचा चारा पुरायचा नाही. टाकीतला पंप बदलायचा, पाइप जाड घालायचे, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे घ्यायचे आणि दाब राखणारी झडप नवीन बसवायची. नाहीतर ऐन जोरात असताना इंजिन उपाशी पडेल आणि आतून जळेल.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. हे मी सहसा सांगत नाही, कारण सांगितलं की लोक मिक्सर दुरुस्त करायला आणून देतात. पण या वेळी मला राहवलं नाही. इतकी अश्वशक्ती हवी तर दर मिनिटाला किती पेट्रोल लागेल, पंपाने ते किती दाबाने द्यायला हवं, इंजेक्टर किती वेळ उघडा राहील, हे सगळं मी मांडलं. सर्जनने सगळं ऐकून घेतलं आणि माझा आकडा त्याच्या अंदाजाशी जुळला म्हणून माझं अभिनंदन केलं. मी ते स्वीकारलं.

टेकडीवर बातमी पसरायला इंधन लागत नाही. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. बाल्कनीत उभं राहून रस्त्यावर जे चाललं असेल ते ते मोठ्याने सांगतात, म्हणून त्यांचं नाव समालोचक. त्यांनी मला थांबवून सल्ला दिला की इंजिन वगैरे राहू द्या, गाडी उलटी चढवा, मागच्या गियरला जोर जास्त असतो. यात तथ्य आहे हे कबूल करायला मला फार जड गेलं. पण आत्याने घरी पाठमोरं यावं ही कल्पना बाबांना सहन झाली नाही. आईच्या ऑफिसातल्या एका बाईंनी सुचवलं की आत्यांनीच वजन कमी करावं. आई त्या बाईंशी आता फक्त कामापुरतं बोलते.

इंजेक्टर तपासायच्या दिवशी मी आईला गॅरेजमध्ये घेऊन गेले. एका यंत्रावर काचेच्या उभ्या नळ्या असतात, वरून इंजेक्टर लावायचे आणि कळ दाबायची. आधी सर्जनने आमचा जुना इंजेक्टर लावला. नळातून गळावी तशी थुंकत थुंकत धार आली. मग नवा लावला. काचेच्या नळीत क्षणार्धात धुकं उभं राहिलं. पांढरा, कोन साधलेला, कडा धारदार असलेला शंकू. थांबला की नाहीसा आणि लागला की पुन्हा तोच, तिथेच, तेवढाच. पदवीच्या तिन्ही वर्षांत मी द्रवाच्या थेंबांविषयी पानंच्या पानं लिहिली होती आणि गुणही बरे मिळवले होते. द्रव इतका हलका होऊ शकतो हे मात्र मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आई माझ्या खांद्याला धरून पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "अत्तर उडवल्यासारखं आहे गं." आम्ही सर्जनला ते तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा त्याने ते आपणहून केलं.

मग वाहन कार्यालय. गाडीत बदल केला की तपासणी करून घ्यावी लागते, आणि बाबा नियमाच्या बाहेर पाऊल टाकणारे नाहीत. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, बदलाचा हेतू काय. बाबा म्हणाले, चढ. अधिकारी म्हणाले की चढ हा हेतू होत नाही, चढ हे ठिकाण झालं. शर्यत, मालवाहतूक किंवा रुग्णवाहिका यांपैकी काही असेल तर सांगा. बाबा ताठ झाले आणि म्हणाले की रुग्णवाहिका म्हणू नका, ताईला आवडणार नाही. मग जुना पंप हजर करायला सांगण्यात आलं. तो आम्ही पिशवीत घालून आणला होता, पण पेट्रोलचा वास येतो म्हणून फाटकावरच्या पहारेकऱ्याने तो जप्त केला होता. जप्त वस्तू आत आणता येत नाही आणि आत दाखवल्याशिवाय ती सुटत नाही, असा पेच पडला. दुपारपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. शेवटी अधिकारी स्वतः उठून फाटकापर्यंत आले, पिशवीत डोकावले, आणि आलोच आहोत तर म्हणून गाडीत बसून आवारात एक फेरी मारून आले. आवार सपाट होतं, तरी परत आले तेव्हा त्यांचा चष्मा डोक्यावर सरकलेला होता. ते काही क्षण स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. मग शिक्का मारताना एवढंच म्हणाले, "चढाची गरज लक्षात आली."

टेकडीवरची पहिली चाचणी सर्जनने घेतली. शेजारी मी होते. वळण आलं आणि माझा हात नकळत दाराच्या कडीकडे गेला, इतकी वर्षं आत्याचा जाताना बघून. सर्जनने पाय दाबला. गाडी वर चढली असं म्हणणं अपुरं आहे. रस्ताच आमच्याखालून मागे ओढून घेतल्यासारखा गेला. माझी पाठ सीटमध्ये रुतली, आणि घर, जे नेहमी हळूहळू जवळ येतं, ते एकदम समोर येऊन उभं राहिलं. समालोचक "आता हे वळणावर थां" एवढंच म्हणू शकले.

परतल्यावर सर्जनने बाबांना किल्ली दिली आणि चाचणीसाठी त्याने टाकी गळ्यापर्यंत भरली होती ते सांगितलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीमागे उकिडवं बसून नळी लावली आणि पेट्रोल कॅनमध्ये उपसून त्याचं त्याला परत केलं. कोणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, असं ते म्हणाले. मला नवल वाटलं नाही. बाबांचं पेट्रोलचं धोरण सगळ्यांना माहीत होतं. ते दर वेळी एवढंसंच भरायचे. पेट्रोलपंपावरचा माणूस त्यांना माघारी थेंबे थेंबे म्हणायचा, आणि टेकडीवर त्यांचा चिक्कूपणा हा वादाचा विषयच नव्हता. टाकी रिकामी होत आल्याचा लाल दिवा आमच्या गाडीत कायम पेटलेला असे. डोळ्यांवर येतो म्हणून आईने त्यावर कधीकाळी चिकटपट्टी लावली होती.

आता आत्याची परवानगी हवी होती. ती म्हणाली, आधी एक सराव करू. वळणापर्यंत खाली जाऊ आणि वर येऊ, मग शनिवारचं बघू. तिने चांगली साडी नेसली, पर्स घेतली. छत्री घेतली नाही. ती दाराशेजारी टांगलेली होती, आत्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि तशीच राहू दिली. बाबा चालवायला बसले. टेकडीवरच्या सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या.

आम्ही खाली जाऊन गाडी फिरवली, वळणाशी आलो, बाबांनी पाय दाबला. गाडीने झेप घेतली, आणि मग खोकली. पुन्हा खोकली, दोन आचके दिले आणि वळणाच्या थोडं वर, कधी नव्हे इतक्या अडचणीच्या जागी, गप्प झाली. पूर्वी ती निदान नकार देऊन चालू राहायची. बाबांनी ब्रेक दाबून धरला. वरून समालोचकांचा आवाज आला, "थांबले, थांबले. आता मागे येऊ द्या, डावीकडे भरपूर जागा आहे." त्यांच्या सूचनांवर आम्ही उलटे वळणापर्यंत घरंगळत आलो. सूचना अचूक होत्या, हे अधिकच झोंबलं.

आत्याने दार उघडलं. बाबा म्हणाले, "ताई, थांब ना, परत बघतो." ती म्हणाली, "राहू दे रे. तू पुष्कळ केलंस." आणि चालायला लागली. छत्री नव्हती. मी हात धरायला गेले तर तिने तो हलकेच सोडवला. प्रत्येक कुंपणाशी टेकत, सगळ्यांच्या देखत, ती वर आली. समालोचकसुद्धा आत निघून गेले. त्यांच्याबद्दल मला थोडा आदर वाटला तो त्याच दिवशी.

संध्याकाळी आत्याने मैत्रिणीला फोन करून सांगितलं की शनिवारी त्या दंतवैद्याला कायमचं बसवून टाका. मग गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहिली. बाबा अर्ध्या ताटावरून उठले.

सर्जनचं म्हणणं पडलं की ऑपरेशनमध्ये खोट नाही. त्याच्या हातात गाडी चढली होती. टेकडीचं म्हणणं पडलं की शेवटी आत्याच. माझं म्हणणं असं की एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची असते. मी पाइपवर दाब मोजायचं घड्याळ बसवलं, त्याची लांब नळी बॉनेटमधून काढून काचेवर चिकटपट्टीने घड्याळ लावलं, आणि एकटी वळणावर गेले. एकटी. पाय दाबला, गाडीने झेप घेतली, घड्याळाचा काटा कड्यावरून पडावा तसा खाली आला आणि गाडी बंद पडली.

मी धावत घरी आले आणि आत्याला सांगितलं की मी एकटी असतानाही ती चढत नाही. आत्याने पिशवी बाजूला केली.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही."

ती म्हणाली, "बरं झालं एवढं तरी सिद्ध झालं."

पण कोणामुळे हे अजून सिद्ध व्हायचं होतं. मी परत गाडीत जाऊन बसले. पंप बरोबर, पाइप बरोबर, इंजेक्टर तर मी डोळ्यांनी बघितलेले. घड्याळ काढताना काचेवरची चिकटपट्टी सोलली, तिच्या नादात नखाने खालची, आईची जुनी चिकटपट्टीही सोलली, आणि लाल दिवा माझ्याकडे बघायला लागला. इतकी वर्षं तो पेटलेला होता की मी माझ्या सगळ्या आकडेमोडीत एक गोष्ट धरूनच चालले होते: टाकीत पेट्रोल आहे.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. आमचं प्रकरण त्याहून बारीक होतं. आडात थोडं होतं, पण पोहरा दुसऱ्या कोपऱ्यात होता. आमच्या टाकीत पंप पुढच्या बाजूला आहे. चढावर आणि वर झेप घेताना पेट्रोल मागे पळतं. पंपाभोवती एक छोटी वाटी असते, तिच्यात थोडं अडकून राहतं. जुनं इंजिन त्यातून घोट घोट प्यायचं, त्याचं भागायचं. नवा पंप ती वाटी एका दमात रिकामी करत होता आणि मग हवा पीत होता. सर्जनने टाकी भरली होती, म्हणून त्याच्या हातात गाडी चढली.

मी बाबांकडे गेले ती थोडी चिडूनच. ते जिन्यात बसून बूट पुसत होते. मी म्हटलं, सगळं झालं, एवढं सगळं करून घेतलं, आणि थोडं पेट्रोल भरायला तुमचा हात का आखडला. त्यांनी बूट खाली ठेवला. मान वर न करता म्हणाले, "पेट्रोलला वजन असतं ना?"

मला आधी समजलं नाही.

ते म्हणाले, सुरुवातीला ताई उतरायला लागली तेव्हाच त्यांनी ठरवलं की जे काढता येईल ते काढायचं. जादा चाक काढलं. जॅक काढला. पायपुसण्या, मागचा पत्रा, डिकीतलं सतरंजीसारखं अस्तर, सगळं काढलं. टाकीत कधी जास्त पेट्रोल ठेवलं नाही. कधीतरी इतकं हलकं होईल की ताईला बसून वर नेता येईल, असं त्यांना वाटायचं. थोड्यासाठी राहतंय असंही वाटायचं. मग त्यांनी रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं.

मला आठवलं. आई त्यांना वाढायला जायची आणि ते ताटावर हात आडवा धरायचे. आम्ही समजत होतो की त्यांना पित्त होतं. पेट्रोलपंपावर हसणारे लोक, टेकडीवरचे विनोद, आणि मीसुद्धा. इतकी वर्षं हा माणूस सगळ्यांचं ऐकून घेत, बहिणीच्या वजनाएवढी जागा थोडी थोडी करून साठवत होता. मी विज्ञान शिकले आहे. एवढा लांबलेला प्रयोग मी कुठल्याही प्रयोगशाळेत बघितलेला नाही. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि टाकीतल्या वाटीचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग म्हणाले, "म्हणजे मीच अडवत होतो तिला."

"नाही," मी म्हटलं. "जुन्या इंजिनाला तुमचं बरोबर होतं."

हे मी सांत्वन म्हणून म्हटलं नाही. ते खरं होतं.

शनिवारी दुपारी बाबा मला घेऊन पेट्रोलपंपावर गेले. तिथल्या माणसाने गाडी बघितली आणि न विचारता नेहमीच्या आकड्याकडे बोट नेलं. बाबा खिडकीतून म्हणाले, "फुल्ल."

तो माणूस वाकून आत बघायला लागला. बहुधा दुसरं कोणी चालवतंय का ते. म्हणाला, "साहेब, फुल्ल म्हणजे?" बाबा म्हणाले, "भरेल तेवढं." आकडे पळायला लागले. त्या गाडीने एवढं पेट्रोल एका वेळी आमच्या हातून कधी घेतलं नव्हतं. शेजारच्या नळावरचा माणूस येऊन उभा राहिला. आकडे पळत होते आणि बाबा ते मान न वळवता बघत होते. लाल दिवा विझला तेव्हा त्या जागी एक काळा, गोल, अनोळखी ठिपका दिसायला लागला.

आत्या आधी तयारच होईना. मी तिला वाटीचं, पोहऱ्याचं सांगितलं. ती गणिताची असल्याने तिला ते पटलं, पण पटूनही ती उठली नाही. शेवटी मी तिला जादा चाकाचं आणि अर्ध्या जेवणाचं सांगितलं. ती उठली. खाली जाऊन पत्ते खेळली. दंतवैद्य खुर्ची सोडायला तयार नव्हता, पण आत्याने त्याच्यामागे उभं राहून त्याच्या हातातले पत्ते बघून नुसता सुस्कारा टाकला आणि तो आपणहून उठला, असं नंतर कळलं.

परत येताना चौघं होतो. बाल्कन्यांमध्ये लोक होते. आत्याचा हात सवयीने दाराच्या कडीवर गेला. बाबांनी आरशातून ते बघितलं आणि पाय दाबला.

मी काचेवर परत लावलेल्या घड्याळाचा काटा जागचा हलला नाही. गाडी चौघांना, सगळ्या पेट्रोलसकट, उचलून घेऊन गेली. मला डोळ्यांपुढे ते धुकं दिसत होतं, चार शंकू, लागताहेत आणि थांबताहेत, तिथेच, तेवढेच. आईने माझा हात घट्ट धरला होता. आत्याच्या तोंडून फक्त "अरे," एवढंच आलं, आणि तेही वर पोचल्यावर.

फाटकाशी गाडी थांबली. बाबा उतरून आत्याच्या बाजूला गेले आणि त्यांनी दार उघडलं. आत्या उतरेना. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. म्हणाली, इथून घर कसं दिसतं ते मला माहीतच नव्हतं. आम्ही सगळे थांबलो. समालोचक बाल्कनीत उभे होते, तोंड उघडं, आणि त्यातून काही येत नव्हतं.

थोड्या वेळाने आत्याने पर्स उचलली, बाबांचा हात धरून खाली उतरली आणि जाता जाता, शाळेत गृहपाठ देतात त्या सुरात म्हणाली, "आज रात्री पोटभर जेवायचं. आणि ते जादा चाक उद्या परत डिकीत ठेव. वाटेत पंक्चर झालं तर पुन्हा मलाच उतरावं लागेल."